बारीक तार, मोठा स्क्रू: एकाच गाडीची दोन पंक्चर

एकाच गाडीची दोन चाकं एकाच सकाळी आमच्या दुकानात खोलली गेली. एकात साडेपाच मिलिमीटर जाडीचा पत्र्याचा स्क्रू डोक्यापर्यंत रुतलेला होता. दुसऱ्यात जेमतेम मिलिमीटरभर तारेचं भोक होतं आणि तेही आदल्या दिवशी बुजवलेलं. स्क्रूवाला टायर दुरुस्त होऊन परत गाडीला लागला, तारेवाला भंगारात गेला. गाडीमालकांना हे पटायला बराच वेळ लागला, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. पंक्चर म्हटलं की आपली नजर आधी भोकाकडेच जाते. खरं तर हवा गेल्यावर ते चाक किती फिरलं, यावर टायरचं पुढचं सगळं अवलंबून असतं. या गाडीत दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बघायला मिळाल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

गाडी पेट्रोलवरची हॅचबॅक, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना. टायर ट्यूबलेस, १८५/६५ आर १५, ८८ एच. यातल्या ८८चा अर्थ असा की पूर्ण दाबाला एक टायर ५६० किलो वजन पेलू शकतो. बाजूवरच्या डीओटी शिक्क्याचे शेवटचे चार आकडे ३४२१, म्हणजे टायर २०२१च्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झालेले. नक्षीची खोली अजून ५ मिमीच्या आसपास होती. आपल्याकडे मोटारीच्या टायरला १.६ मिमीपर्यंत नक्षी कायद्याने चालते, म्हणजे टायर गोटा व्हायला भरपूर अवकाश होता. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३३ पीएसआय लिहिलेला.

गाडीमालक संगमनेरकडचे शिक्षक. मे महिन्यात लग्नासाठी कुटुंब नाशिकला निघालेलं. गाडीत चौघं, डिकी सामानाने भरलेली. नाशिक-पुणे रस्त्यावर नांदूर शिंगोटे मागे पडल्यावर मागून एक ट्रकवाला हात करून पुढे गेला, तेव्हा सरांनी गाडी कडेला घेतली. मागचं डावं चाक पूर्ण बसलेलं होतं. जॅक लावून त्यांनी स्टेपनी चढवली आणि पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत हळूहळू आले. तिथल्या कारागिराने टायर पाण्यात बुडवून भोक शोधलं, पकडीने तार उपसली, भोकात बाहेरूनच स्ट्रिप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, मारली, हवा भरली, पुन्हा पाण्यात बघून चाक परत मागे डावीकडे बसवून दिलं. स्टेपनी डिकीत गेली. मोहदरी घाट उतरून मंडळी नाशिकला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या दारात तेच चाक अर्धं बसलेलं दिसलं. पुन्हा हवा भरून सर नाशिक रोडला आमच्याकडे आले ते एकाच मागणीसह: "दादा, त्या स्ट्रिपवाल्याने काम नीट केलेलं नाही. दुसरी स्ट्रिप मारून द्या, दुपारी हळद आहे."

मी आधी सगळ्या चाकांचा दाब बघितला. असं कोणी एक चाक दाखवलं की चारही बघायची, ही आमच्याकडची रीत आहे, आणि इथे ती कामी आली. उजवीकडची दोन्ही चाकं ३१-३२. ज्याची तक्रार होती त्यात २६. पुढच्या डाव्यात २४, त्याबद्दल कोणाची तक्रारच नव्हती. चाक थोडं फिरवलं तर कडेपासून दुसऱ्या खाचेत षटकोनी डोकं चमकलं. पत्र्याच्या शेडला मारतात तो स्क्रू, खाली रबरी वायसर असलेला. वायसर टायरच्या नक्षीत घट्ट दाबून बसला होता, त्यामुळे हवा अगदी हळू जात होती. सर तो स्क्रू बघून हादरले. "हा टायर तर गेलाच," असं म्हणून त्यांनी लगेच नव्या टायरचा भाव विचारला.

स्क्रू तसाच राहू दिला. रुतलेली वस्तू हवा धरून असेल तर टायर खोलण्याच्या तयारीनेच उपसायची.

मागच्या टायरवर साबणाचं पाणी मारलं. स्ट्रिपवर बुडबुडा नाही. नखाने बाजूला सारून पुन्हा पाणी मारलं, तरी कोरडी. ज्या माणसाला सर दोष देत होते, त्याचं भोक बुजवायचं काम चोख होतं. व्हॉल्व्ह बघितला, ठीक. रिमची कड बघितली, तिथेही काही नाही. मग टायरच्या बाजूवर, म्हणजे साइडवॉलवर, पाणी सोडलं आणि वाट बघितली. मिनिटाभराने कंपनीच्या नावाच्या अक्षरांखाली एका पट्ट्यात बारीक पांढरा फेस धरायला लागला. एका ठिकाणाहून मोठा बुडबुडा येत नव्हता, हाताच्या बोटाएवढ्या लांबीत हवा पाझरत होती. बाहेरून तिथे ना चीर, ना ओरखडा. फक्त रिमपासून दोन बोटं वर टायरला गोल फिरलेला एक मळकट पट्टा होता आणि त्या पट्ट्यात अक्षरांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

तिथेच मी सरांना विचारलं, "हवा गेल्यावर गाडी किती चालली?" ते म्हणाले, "लगेच थांबलो. फार तर अर्धा किलोमीटर." मागे उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "अहो, आवाज तर नांदूर यायच्या आधीपासून येत होता. मी म्हटलंसुद्धा, तुम्ही म्हणालात रस्ताच तसा आहे." दोघंही खरं सांगत होते. पुढचं चाक बसलं की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, ड्रायव्हरच्या हाताला लगेच कळतं. मागचं बसलं तर हाताला काहीच कळत नाही. काचा वर, एसी चालू, गाडी भरलेली, त्यात तारेच्या भोकातून हवा एकदम न जाता हळूहळू जाते. तेहतिसाची पंचवीस, पंचवीसची पंधरा, असं होत होत टायर बसतो. मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला मात्र चाकाचा थपथप आवाज ऐकू येतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, मागून कोणी आवाज येतोय म्हणालं तर वाद न घालता उतरून चारही चाकं बघा.

टायर मशीनवर घेतला. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली, कड रिमवरून सोडवली आणि टायर बाहेर काढला. टायर उभा धरून खाली कागद पसरला आणि हलवला, तर आतून चहाच्या पुडीसारखा काळा चुरा पडला. चांगली मूठभर. सरांनी तो चिमटीत घेऊन बघितला आणि विचारलं, "ही माती कुठून आली?" ती माती नव्हती. ते त्याच टायरचं रबर होतं.

हे नीट समजावं म्हणून टायरच्या आतली रचना थोडक्यात सांगतो. ट्यूबलेस टायरला ट्यूबचं काम करणारा एक पातळ थर आतून असतो, त्याला इनर लायनर म्हणतात. तो ब्युटाइल जातीच्या रबराचा असतो, कारण नैसर्गिक रबरातून जेवढी हवा झिरपते त्यापेक्षा ब्युटाइलमधून कितीतरी कमी झिरपते. लायनरच्या बाहेर पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा गेलेला. हाच टायरचा सांगाडा. त्याच्यावर, फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात, पोलादी तारांचे दोन पट्टे. आणि सगळ्यात वर नक्षीचं जाड रबर. साइडवॉलमध्ये पोलाद नाही, जाड रबर नाही. दोऱ्या, लायनर आणि वर पातळसं रबर, एवढंच. ती बाजू सतत वाकावी म्हणूनच तशी बनवलेली असते.

गाडीचं वजन टायरचं रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. माणसांसकट चौदाशे किलोची गाडी धरली तर एकेका चाकावर साडेतीनशे किलोच्या घरात वजन येतं. हवा गेली की तो भार साइडवॉलवर पडतो. ती दुमडते, आणि रिमची लोखंडी कड वरून, रस्ता खालून, अशी मधे चेमटते. टायरच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. या मापाच्या टायरचा घेर साधारण एकोणीसशे मिलिमीटर आहे, म्हणजे किलोमीटरभरात पाचशेहून जास्त वेळा तीच जागा दुमडते. रबर तापतं, आतल्या बाजूला दुमडीवर दुमड घासून त्याचा भुगा होतो, लायनर फाटतो आणि पॉलिस्टरच्या दोऱ्या उष्णतेने आपली ताकद घालवून बसतात. मे महिन्यातला डांबरी रस्ता तापलेला असतो, त्यामुळे हे आणखी लवकर होतं.

बॅटरी आत धरून दाखवलं. भोकाच्या जागी, नक्षीच्या आतल्या बाजूला, लायनर काळा आणि तुकतुकीत होता. तिथे स्ट्रिपचं टोक बाहेर आलेलं. पण साइडवॉलवर पूर्ण गोलाईत एक खडबडीत पट्टा, लायनरला सुरकुत्या, आणि एका ठिकाणी सुरकुती उकलून खालच्या दोऱ्यांचे धागे दिसत होते. हवा त्या चिरेतून दोऱ्यांच्या थरात शिरत होती, दोऱ्यांच्या वाटेने सरकत होती आणि बाहेरच्या रबरातून मिळेल तिथून पाझरत होती. म्हणून फेस एका बिंदूवर नव्हता. सरांना मी म्हटलं, बोट घाला आणि फिरवा. एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला पॉलिश पेपर. त्यांनी बोट फिरवलं आणि पुढचा प्रश्न नवीन टायरचा नव्हता. त्यांनी विचारलं, "काल याच चाकावर आम्ही घाट उतरलो?"

हो, त्याच चाकावर. बाहेरून टायर ठणठणीत, हवा ३५, स्ट्रिप कोरडी. वरून कीर्तन, आतून तमाशा. अशा टायरला हवा भरली की तो गोल दिसतो, चालतोही. पण दोऱ्या मेलेल्या असतात. परतीच्या वाटेवर, गाडी भरलेली असताना, ऊन आणि वेग दोन्ही चढल्यावर साइडवॉल फाटते, आणि ती फाटते तेव्हा हळूहळू हवा जात नाही. मागचं चाक असं फुटलं तर गाडीचा मागचा भाग घसरतो आणि सराईत ड्रायव्हरलाही ती आवरणं अवघड जातं.

सरांनी तरीही एकदा विचारलंच, आतून मोठा पॅच लावता येणार नाही का? प्रश्न बरोबर होता. पॅच हवा थांबवेल. दोऱ्यांची गेलेली ताकद पॅच परत आणत नाही, आणि साइडवॉल इतकी वाकते की पॅच तिथे टिकतही नाही. म्हणूनच टायर दुरुस्तीच्या बहुतेक मानकांमध्ये मोटारीच्या टायरची साइडवॉल आणि शोल्डर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते ती वळणाची जागा, दुरुस्तीतून वगळलेली आहे. पैसे घेऊन ती दुरुस्ती करून देणारे सापडतात. माझं मत स्पष्ट आहे: ती दुरुस्ती कोणी फुकट दिली तरी घेऊ नये.

आता पुढच्या चाकाकडे. सरांच्या हिशेबाने हे आधीच गेलेलं होतं.

टायर रिमवरून उतरवून आत बॅटरी मारली. स्क्रूचं टोक इंचभराहून जास्त आत आलेलं, पण सरळ. आजूबाजूचा लायनर चकचकीत, चुरा नाही, साइडवॉलवर रेघ नाही. २४ पीएसआयपर्यंत हवा उतरली होती तरी तेवढ्यात साइडवॉल चेमटत नाही. स्क्रूची जागा खडूने आतून-बाहेरून मारून घेतली आणि मग तो उलटा फिरवून काढला. व्हर्नियरने जाडी मोजली, साडेपाच. इथे तीन गोष्टी बघायच्या असतात. भोक नक्षीच्या मधल्या भागात आहे का? होतं. ते ६ मिमीच्या आत आहे का? होतं, काठावर पण आत. ते कितपत तिरपं आहे? २५ अंशांपेक्षा जास्त तिरपं असेल तर भोक भरणारी रबरी दांडी आणि आतला पॅच वेगवेगळे लावावे लागतात. हे जवळपास सरळच होतं. भोकात सळई घालून पोलादी तारा चाचपल्या. दोन-तीन तुटल्या होत्या, पण पट्टे एकमेकांपासून सुटलेले नव्हते.

असं पंक्चर आम्ही मशरूमने काढतो. मशरूम म्हणजे रबराची दांडी आणि तिच्या बुडाला गोल चकती, दोन्ही एकाच तुकड्यात. दांडी भोक भरते, चकती लायनरला चिकटते. दोन्ही का लागतात ते महत्त्वाचं आहे. नुसता आतून पॅच लावला तर हवा थांबते, पण बाहेरून भोक उघडं राहतं, पावसाचं पाणी पोलादी पट्ट्यांपर्यंत जातं आणि तारा गंजतात. गंज पसरला की पट्टा रबरापासून सुटायला लागतो आणि वर्षभराने नक्षीवर फुगा येतो. नुसती स्ट्रिप मारली तर भोक भरतं, पण लायनर फाटलेलाच राहतो आणि हवा आतून पट्ट्यांच्या थरात शिरू शकते. शिवाय स्ट्रिप मारताना टायर खोलला जात नाही, म्हणजे आत काय झालंय ते कोणी बघतच नाही. मागच्या चाकाचं नेमकं तेच झालं होतं.

काम असं झालं. कार्बाइडचा कटर कमी वेगाच्या ड्रिलला लावून भोक आतून, स्क्रू गेला होता त्याच रेषेत, साफ केलं. कटरने तुटक्या तारांची टोकं आणि फाटकं रबर निघून जातं आणि दांडीला गुळगुळीत बोगदा मिळतो. तारांची टोकं तशीच राहिली तर गाडी चालताना ती दांडीला कापत राहतात. मग भोकाभोवती चकतीपेक्षा थोडी मोठी जागा क्लीनरने पुसून खरवडली. टायर बनवताना साच्यातून सुटावा म्हणून आतून लावलेला लेप या जागेवर असतो, तो गेला नाही तर कुठलाही पॅच धरत नाही. काही जण इथे पेट्रोल वापरतात. पेट्रोलचा तेलकट अंश रबरावर राहतो आणि पॅच सुटतो. शिवाय बंद दुकानात, शेजारी ग्राइंडर फिरत असताना उघडं पेट्रोल, हे मला कधीच समजलेलं नाही.

नंतर बफिंग, म्हणजे ती जागा यंत्राने घासणं. लायनर मिलिमीटरभर जाडीचा, त्यामुळे हाताला सवय लागते. वेग जास्त झाला तर रबर जळतं, जळक्या रबरावर पॅच चिकटवायचं सोल्युशन बसत नाही. दाब जास्त झाला तर दोऱ्या उघड्या पडतात आणि हाताने चांगला टायर खराब होतो. रबराला एकसारखा मखमली मळकटपणा आला की थांबायचं. भुगा ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढला. हवेच्या नळीने उडवला तर कॉम्प्रेसरमधलं पाणी आणि तेल त्या जागेवर बसतं.

सोल्युशनचा पातळ हात दिला, भोकातही फिरवला, आणि वाळू दिलं. घाई होते ती इथेच. ओलं असतानाच पॅच दाबला तर सोल्युशनमधला द्रव आत अडकतो आणि महिन्याभरात पॅचखाली फुगा धरतो. मे महिन्यात चार-पाच मिनिटं पुरली, पावसाळ्यात याच्या दुप्पट थांबावं लागतं. बोटाची मागची बाजू लावून बघायची, चिकट लागावं पण बोटाला येऊ नये. सर घड्याळ बघत होते, हळदीची वेळ होत होती. तरी थांबलो.

दांडी तारेच्या टोकाने भोकातून बाहेर ओढली, चकती लायनरवर येऊन बसली. मग दातेरी रोलरने मधून कडेकडे दाबत जायचं, म्हणजे हवेचा कण राहत नाही. हे दाबणं जोर लावून करायचं असतं, कपाळाला घाम येतो. कडेला सीलर लावला, बाहेर आलेली दांडी नक्षीच्या थोडी वर ठेवून कापली. रबरात गंधक घालून तापवलं की ते चिवट होतं, या शोधाचं पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४ साली मिळालं. या पॅचच्या खाली तीच प्रक्रिया आहे, फक्त आग न लावता, रसायनांच्या मदतीने आणि सावकाश. चकती पहिल्याच दिवशी घट्ट असते, पुढच्या काही दिवसांत ती लायनरशी एकजीव होते. जुन्या ट्रकवाल्यांना आठवत असेल, हायवेवरची दुकानं, त्यातली कितीतरी केरळातून आलेल्या कारागिरांची, इंजिनाच्या जुन्या पिस्टनमध्ये इंधन पेटवून त्याच्या उष्णतेवर ट्यूबला हॉट पॅच बसवायची. त्या ट्यूब पुढे फाटल्या तरी पॅच सुटला नाही, असं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

टायर रिमवर चढवून हवा भरली. कड बसताना फटकन आवाज येतो, तोपर्यंत दाब ४०च्या वर जाऊ द्यायचा नाही आणि तोंड चाकावर आणायचं नाही. पाण्यात बुडवून बघितलं: भोक, दोन्ही कडा, व्हॉल्व्ह. सगळं कोरडं. चाक बॅलन्स केलं.

मग गाडीच्या चार चाकांचा विचार. डिकीतली स्टेपनी काढली तर तिच्यात १९ पीएसआय. नशिबाने ती त्याच मापाची, त्याच नक्षीची, २०२१चीच, आणि आदल्या दिवसापर्यंत जमिनीला न लागलेली. बऱ्याच गाड्यांना आता बारीक स्टेपनी येते, तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, तिथे हा पर्याय मिळत नाही. १९वर ती थोडं अंतर धावली होती, म्हणून तीही खोलून बघितली. आतून स्वच्छ निघाली. सरांना चारही टायर नवीन घ्यायची गरज नव्हती आणि मी तसं सांगितलंही नसतं. त्याच नक्षीचा एक नवीन टायर घेतला. तो आणि स्टेपनी, दोन्ही पूर्ण खोलीच्या नक्षीचे, मागच्या दोन चाकांना लावले. मागचा उजवा टायर डिकीत स्टेपनी म्हणून गेला. मशरूमवाला आणि पुढचा उजवा पुढेच राहिले.

सरांनी विचारलं, ताकद पुढच्या चाकांना जाते, तर नवीन टायर पुढे नकोत का? बहुतेकांना तसंच वाटतं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की ती परत पकड घेते. मागची घसरली तर गाडी गोल फिरते. म्हणून जास्त नक्षी मागे.

खर्च नवीन टायरचे पाच हजारांच्या आसपास आणि मशरूमचे तीनशे. स्ट्रिपचे शंभर-दीडशे घेतात, त्या मानाने मशरूम महाग वाटतो, वेळही तिप्पट लागतो. पण त्या पैशात टायर खोलून कोणीतरी आत बॅटरी मारतो, आणि माझ्या लेखी खरी किंमत त्या बघण्याची आहे. स्ट्रिपवर माझा राग नाही. रात्री, रस्त्यात, घरी पोचायचं असताना स्ट्रिप मारावी, हळू यावं आणि दुसऱ्या दिवशी टायर खोलून घ्यावा. ती कायमची समजून वर्षानुवर्षं चालवतात, हरकत त्याला आहे.

रस्त्यावर काय पडलेलं असेल यावर आपला ताबा नाही. सरांच्या टायरमध्ये घुसलेली तार कुठल्यातरी ट्रकच्या फुटक्या टायरची होती, ती रस्त्याच्या कडेला नेहमीच पडलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये समृद्धी महामार्गावर छत्रपती संभाजीनगरजवळ काँक्रीटच्या भेगांत इपॉक्सी भरायला बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नोझलवरून जाऊन गाड्यांचे टायर पंक्चर झाले आणि रस्त्यात खिळे ठोकल्याचा दावा करणारे व्हिडिओ घरोघरी पोचले. तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा वेगात हवा गेली तर ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावं, ॲक्सिलरेटर सोडावा, गाडी आपोआप मंद होऊ द्यावी आणि मिळेल तितक्या लवकर कडेला घ्यावी. पुढचं दुकान गाठू म्हणून बसलेल्या चाकावर चालवत राहिलं की काय होतं, ते वर लिहिलंच आहे.

स्टेपनीचंही एक. जुलै २०२०मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलला. टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. तुमची गाडी तशी असेल तर किटमधला सीलंट टायरमध्ये सोडल्यावर आमच्याकडे आल्या आल्या ते सांगा. तो द्रव आत पसरलेला असतो, तो पुसून वाळवल्याशिवाय मशरूम बसत नाही, आणि न सांगता कड सोडवली तर तो कारागिराच्या अंगावर येतो. ज्यांच्याकडे स्टेपनी आहे त्यांनी हवा भरताना पाचव्या चाकाचीही भरून घ्यावी.

निघताना सर म्हणाले, तो जुना टायर राहू द्या इथेच, कोणाला तरी लागेल. बाहेरून ५ मिमी नक्षीचा, चांगला दिसणारा टायर. असे टायर सेकंडहँड बाजारात पॉलिश होऊन विकले जातात आणि घेणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. त्यांच्यासमोरच मी सुरीने साइडवॉल दोन ठिकाणी आरपार कापली आणि तो भंगाराच्या ढिगात टाकला.

चाकांचे नट साठ-सत्तर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा आवळायचे असतात, ते संगमनेरला करून घ्यायला सांगितलं. हवा थंड टायरला, सकाळी, दर आठवड्याला बघा म्हटलं. पावसाळ्यात सर पुन्हा नाशिकला आले तेव्हा गाडी घेऊन दुकानात आले. मशरूमवाल्या चाकात ३३, शेजारच्यात ३२, मागे दोन्हीकडे ३३. मॅडमनी डिकी उघडून स्टेपनीही तपासायला लावली. तिच्यात ३५ होते.